बोगद्याची जागा

प्रमोदिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली होती, तरी अर्ज लिहायचा असला की गाव त्यांच्याच दारात यायचं. अक्षर वळणदार, भाषा साहेबाला समजेल अशी. अणदूरच्या पुढं महामार्ग रुंद व्हायला लागला, तेव्हा सरपंच अंबादासराव असेच आले होते. रस्त्याखालचा बोगदा मेंढपाळांच्या वस्तीसमोर आखला होता. तो किलोमीटरभर अलीकडं, गावच्या कमानीजवळ हवा होता. बाईंनी लिहिलं, 'बहुसंख्य ग्रामस्थांच्या सोयीसाठी.' बोगदा कमानीजवळ झाला आणि बाईंना आपल्या अर्जाचा थोडा अभिमानही वाटला.

वस्ती रस्त्याच्या पलीकडं. गायरान, दवाखाना, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, सगळं अलीकडं. बोगदा गाठायचा तर भरधाव गाड्यांच्या कडेकडेनं किलोमीटरभर मेंढरं हाकत न्यायची. त्यापेक्षा धुळाप्पा दुभाजक ओलांडूनच जायचे. यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी ट्रक कळपात शिरला. नऊ मेंढरं मेली आणि धुळाप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला.

सोलापूरच्या दवाखान्यातून ते घरी आल्यावर बाई भेटायला गेल्या. धुळाप्पांची बायको गजराबाई हिनं बाजेवर घोंगडं टाकलं, चहा केला.

"तुमच्यासमोर बोगदा होणार होता," बाई म्हणाल्या. "तो हलवायचा अर्ज मी लिहिला होता, गजराबाई."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासनंच. खुणंचे दगड उपटून न्हेले, तवा न्हेणाऱ्या मान्सानं सांगितलं, बाईंनी लई झ्याक लिव्हलंय म्हणून."

दोन वर्षं गजराबाई वाटेत भेटली की पदर सावरून थांबायची, आपल्या नातीच्या अभ्यासाचं विचारायची. एका शब्दानं कधी बोलली नव्हती. बाईंना चहा संपवणं जड गेलं.

"मला विचारलं का नाहीत?"

"काय इचारायचं? तुमाला ज्यांनी सांगितलं त्यांचं तुमी लिव्हलं. आमी कुठं सांगाय आलतो?"

त्या रात्री बाईंनी नवा अर्ज लिहिला. वस्तीसमोर पादचारी पूल हवा, जिना हवा, वर कठडे हवेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वस्तीवर वाचून दाखवला. वाचून झाल्यावर गजराबाई म्हणाली, "बाई, जिन्यावरनं मेंढरं चढत्यात व्हय?"

बाजेवरून धुळाप्पा म्हणाले, "आन म्या तरी कसा चढू?"

बाईंनी कागदाची घडी घातली. याही वेळी आपण यांना विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. "मग काय हवं ते तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

गजराबाई त्यांना ओढ्याकडं घेऊन गेली. ओढ्याचं पाणी जायला रस्त्याखाली सिमेंटची चौकोनी मोरी होती. आत कमरेइतका गाळ, बाभळीचे काटे, अंधार. "ही साफ करा. तळ पक्का करा. दिवा लावा. नवा बोगदा द्याल तवा द्या."

महामार्गाच्या कामावरची इंजिनियर भैरवी, तिशीही न गाठलेली, बाईंनी मोरीसाठी लिहिलेला कच्चा अर्ज वाचून स्वतः आली. "पादचारी पूल मी मंजूर करून आणू शकते," ती म्हणाली. "पण कागदोपत्री ही पाण्याची वाट आहे. माणसांची नाही."

"मग लिवा की मान्सांची बी," गजराबाई म्हणाली.

भैरवी हसली नाही. ती बाईंसोबत सकाळी सहापासून दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसली. दुभाजक ओलांडणारी एकशे चाळीस माणसं तिनं वहीत मांडली. त्यात दप्तरवाली बावीस पोरं होती. आधीच्या पाहणीत फक्त गाड्या मोजल्या होत्या, असं तिनं जाताना कबूल केलं.

अंबादासराव संध्याकाळी आले. "बाई, मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? उद्या गावचा बोगदाच चुकीचा ठरायचा."

"तो राहू द्या," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीही या अर्जावर सही करा."

त्यांनी केली नाही. वस्तीतल्या त्रेसष्ट जणांनी केली. काहींनी अंगठा दिला.

मोरी उपसायला पाच महिने लागले. तळाला काँक्रीट झालं, दोन दिवे लागले. पहिल्या दिवशी मेंढरं अंधाराला बुजली. गजराबाईनं पुढची मेंढी कानाला धरून आत नेली आणि मग सगळा कळप शिरला. धुळाप्पा काठी टेकत मागून गेले. पोरं आता तिथूनच शाळेला जातात.

पावसाळ्यात चार वेळा मोरीत गुडघ्याच्या वर पाणी आलं आणि लोकांना पुन्हा रस्त्यावरूनच जावं लागलं. त्या चार तारखा घालून बाईंनी वस्तीसमोरच्या बोगद्यासाठी वेगळा अर्ज केला आहे. या वेळी गजराबाई शेजारी बसून एकेक वाक्य सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या. मध्येच एका वाक्यावर तिनं हात धरला.

"सोय न्हाय लिवायचं, बाई. जीव वाचंल, आसं लिवा."

बाईंनी ते खोडून तसं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी दोघी एसटीनं तुळजापूरच्या कचेरीत जाऊन अर्जाचं विचारून येतात.