रोटाची मूठ

असोद्याचे जीवरामआबा रोज संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर बसून सत्य सांगत. सगळे जीव देवाला सारखे, हे उघडच आहे, याला पुरावा मागेल तो आंधळा. ऐकणारे माना डोलवत. ओट्यावरचा चहा आबांच्या घरून यायचा, हेही उघडच होतं.

श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघरी बसणारी देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायचे, ते घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. आबांच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, आधी नवऱ्याची मूठ टाकली, मग मुलाची. मुलगा चंदन कॅनडात. कानबाई कधी आहे हे त्याला फोन करून सांगावं लागे, पण त्याची मूठ कधी चुकली नव्हती. समोर सूप धरून बसली होती लेक ज्योत्स्ना. नवऱ्याचं घर सोडून ती कायमची माहेरी आली होती आणि केळीच्या बागेचं पाणी, खत, व्यापाऱ्याशी घासाघीस, सगळं तीच बघायची. तिनं विचारलं, आता मी याच घरची, तर माझी मूठ का नाही?

बाईची मूठ नसते, हे उघडच आहे, आबा म्हणाले. ज्योत्स्ना म्हणाली, जीव सारखे हेही उघड आणि हेही उघड, मग दोन्हींतलं देवीला कोणतं दिसतं? आवाज चढला नव्हता. सासरी तिला कुणी घरातली म्हणून धरलं नव्हतं. इथंही धरणार नसतील तर जायचं कुठं, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं.

आबा भडकले. उघड गोष्टीला पुरावा लागत नाही, म्हणून तो आणायला ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेले. गहू तसेच राहिले.

धुळ्याला चुलतभाऊ तोतारामनाना, भाऊबंदांत सर्वांत वडील. आयुष्य तिकडे काढल्यानं बोलीही तिकडचीच झालेली. नानांना आधी वाटलं, आबा थट्टा करताहेत. त्यांच्याकडे लेकींची मूठ कधीपासून पडत होती.

"यामा काय इचारनं? उघडच शे," नाना म्हणाले.

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आबांना चहा गोड लागेना. पण माणूस मोठा पचवणारा. जळगाव येईपर्यंत नानांचं सत्य त्यांचं स्वतःचं झालं, आणि असोदा येईपर्यंत ते जन्मापासूनचं झालं. चपला काढता काढताच त्यांनी जाहीर केलं की लेकीची मूठ असतेच, हे कुणालाही दिसावं इतकं उघड आहे.

"आबा, मंग काल कामून नही दिसलं?" ज्योत्स्नानं विचारलं.

आबांना ते ऐकू आलं नाही. अशा वेळी त्यांना कमीच ऐकू येई. ज्योत्स्नानं आपली मूठ सुपात टाकली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. मग तिनं सुपाकडे पाहिलं.

"आन् मायची?"

"ते तर उघड..." आबांनी सुरुवात केली. लग्न होऊन आल्यापासून घरातल्यांच्या मुठी धुरपदाबाईच टाकत आली होती. त्यात तिची नाही, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि ती कुणापुढं मांडावी हेही कळेना.

धुरपदाबाईनं गव्हात हात घातला. दाणे नुसतेच चाळवले. मग लेकीचं मनगट धरून पोत्याकडे नेलं.

"तूच टाक, माय," ती म्हणाली. "माह्या हाताले ते माहीत नही."