आरतीखाली गेलेलं गाणं

मोतीलालच्या घरात बंद यंत्राची पूजा होत नाही. हिंगणघाटला हायवेवर त्यांचं मोटारपंपांचं दुकान. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये होते, तिथली रीत त्यांनी घरी आणली. खंडेनवमीला यंत्रापुढं नुसतं फूल ठेवायचं म्हणजे मढ्यापुढं पान वाढायचं, असं ते म्हणतात. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला की यंत्र थोडा वेळ चालवायचं, आणि घरातल्या प्रत्येकानं एकेकदा त्याचं बटन दाबायचं. पंप, ड्रिल, मिक्सर, स्कूटर, कोणी सुटत नाही.

दोन हजार एक साली ही रीत जिना चढून वरच्या खोलीत गेली आणि सुनेचं गाणं खाऊन बसली.

सून म्हणजे ज्योत्स्ना. लग्नाआधी वर्ध्याला लहान पोरांना पेटी शिकवायची. वरच्या खोलीत तिचा कीबोर्ड होता, आणि शेजारी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावेल एवढा रेकॉर्डर. आठ आवाज वेगवेगळे घेणारा, नंतर ते एकत्र वाजवणारा. नवऱ्यानं, निकेशनं, ऑर्केस्ट्रा काढायच्या हौसेपायी आणला होता. सोबतचं पुस्तक इंग्रजी निघालं, हौस फिटली. मग डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पुस्तक ज्योत्स्नानं वाचलं, तर घरात काय म्हणावं? "निकेशच्या मशीनवर सून टाइमपास करते."

ती टाइमपास करत नव्हती. विदर्भातल्या पोरीबाळी कोजागिरीपर्यंत म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांची कॅसेट करत होती. मोतीलालची थोरली बहीण कोकिळाबाई, मुक्काम आष्टी, हिला ही गाणी येतात तशी आता कोणाला येत नाहीत. नागपूरच्या कॅसेटवाल्याला नमुना आवडला होता. कोजागिरीनंतर तो घरी येऊन सगळी गाणी नेणार होता, आणि कॅसेटवर 'संगीत : ज्योत्स्ना' असं छापणार होता. या घरात तिचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठंच छापलं गेलं नव्हतं.

दोन्ही यंत्रं तिनं मिडीच्या तारांनी जोडली होती. एक तार जायची, एक यायची. या तारेतून आवाज जात नाही, हुकूम जातात. चाल, थांब, इतक्या वेगानं वाजव. कीबोर्डवर स्टार्ट दाबलं की रेकॉर्डर चालू व्हायचा. रेकॉर्डर आपली लय उलट कीबोर्डला सांगायचा आणि कीबोर्डातली ढोलकी तिच्यावर वाजायची. ती एकटी होती, हात दोनच, म्हणून तिनं असं बसवलं, की रेकॉर्डरचा एखादा ट्रॅक रेकॉर्डला तयार करून ठेवला असेल, तर त्याच स्टार्टनं रेकॉर्डिंगही सुरू व्हावं.

लयीचीच खरी मेहनत होती. कोकिळाबाई घड्याळावर गात नाही. दागिन्यांच्या लांबलचक गाण्यात एकेक दागिना वाढत जातो तशी ती भरधाव सुटते, आणि नथीपाशी मुद्दाम थबकते. ती हिंगणघाटला आली होती तेव्हा ज्योत्स्नानं आधी तिचा नुसता आवाज घेतला. मग तो ऐकत ठोक्याठोक्याला बटन दाबून ती सगळी धावपळ रेकॉर्डरला शिकवली. आता ढोलकीही नथीपाशी थबकत होती. मशीन बाईच्या मागं चालत होतं. हे जमलं त्या दिवशी तिनं आनंदानं निकेशला वर बोलावलं. तो म्हणाला, "छान आहे. चहा झाला का?"

गाण्याच्या सुरुवातीला कोकिळाबाईचा एक खोकला होता. तेवढ्या जागी कोरं रेकॉर्डिंग करावं म्हणून ज्योत्स्नानं आवाजाचा ट्रॅक रेकॉर्डला तयार केला, गाणं सुरुवातीला आणून ठेवलं, तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली. पुरणाला हात हवे होते. मशीन बंद न करता ती खाली गेली.

पूजेचं ताट तिच्याआधी वर पोचलं.

ती जिन्यातच होती तेव्हा तिला ढोलकी ऐकू आली. मोतीलालनी कीबोर्डचं सगळ्यात मोठं बटन शोधून दाबलं होतं आणि ढोलकीवर खूश होऊन आरतीच सुरू केली होती. आरती संथ, ढोलकी कोकिळाबाईची. ढोलकी पळायला लागली, मोतीलालही पळायला लागले. नथीपाशी ती थबकली तसे ते एकटेच पुढं गेले. सासूबाई, यशोदाबाई, 'कापूर, कापूर' करत कापूर शोधत होत्या. समोर माईक उभा होता.

"थांबा, मामाजी!"

"आरती कोणी मधात थांबवते का?"

आरती संपली, मोतीलालनी बटन बंद केलं. लगेच यशोदाबाईंनी हळदीचं बोट लावून पुन्हा स्टार्ट दाबलं, प्रत्येकानं दाबायचं म्हणून. आणि तिथंच सगळं बुडालं. हा रेकॉर्डर केलेली चूक परत फिरवतो, पण एकच, शेवटची. ज्योत्स्नानं परत फिरवलं तेव्हा यशोदाबाईंचं बोट तेवढं पुसलं गेलं. त्याखाली मोतीलालची आरती ठणठणीत होती. आरतीखाली काहीच नव्हतं.

तिनं ते ऐकवलं. मोतीलाल ऐकत होते, म्हणाले, "आवाज साफ आला पाहा माहा."

"आत्याबाईंचं गाणं गेलं, मामाजी. कॅसेटची सुरुवातच त्या गाण्यानं आहे."

"मंग? बाईले फोन करतो. पुन्हा म्हणन."

फोन त्यांनी केला, पण कसा? कोकिळाबाई लहानपणापासून त्यांना 'धांदरट' म्हणत आली. पांढऱ्या मिशांवर पुन्हा तो शिक्का नको म्हणून या गृहस्थानं सांगितलं, "बाई, लाईनीचा झटका बसला. मशीन जळली."

पलीकडून कोकिळाबाईचा मोठा आवाज खोलीभर आला. "जळली त मंग काय गाऊ, चुलीत? दुरुस्त करा अन् पुढच्या वर्षी पाहू. कोजागिरी झाली की मी भुलाबाई म्हणत नाई, मालूम आहे ना तुले?"

"मालूम आहे," म्हणत मोतीलालनी फोन ठेवला आणि सुनेकडं पाहिलं. "पुढच्या वर्षी. एवढं काय?"

कोजागिरी तोंडावर होती. भुलाबाई एकदा उठली की तिची गाणी कोणी म्हणत नाही, आणि कॅसेटवाला वर्षभर कोणासाठी थांबत नाही. एका माणसाच्या मिशीसाठी एका बाईचं सगळं काम पुढच्या वर्षावर, आणि वर 'एवढं काय'! असली वाक्यं बोलायला छाती लागत नाही, फक्त घरात मोठं असावं लागतं.

"मी आष्टीला जाते," ज्योत्स्ना निकेशला म्हणाली.

"जा. पण बाबाचं नाव घेऊ नको."

"मग कोणाचं घेऊ?"

"लाईनीचं घे ना. लाईन काही भांडायले येते का?"

तिनं रेकॉर्डर, माईक आणि हेडफोन पिशवीत घातले. कीबोर्ड मागं राहिला. वर्धा, आर्वी करत एसटीनं ती आष्टीला पोचली तेव्हा कोकिळाबाई अंगणात भुलाबाईच्या मूर्तीपुढं सारवत होती.

"काऊन आलीस वं? मशीन त जळली म्हणे."

"मशीन हे काय, धड आहे." ज्योत्स्नानं पिशवी खाली ठेवली. "मामाजींनी पूजेत बटन दाबलं. तुमच्या गाण्यावर त्यांची आरती बसली. मी ट्रॅक तसाच उघडा टाकून खाली गेले होते, तीही चूक झाली. पण लाईनबिईन काही गेली नव्हती."

तिनं हेडफोन कोकिळाबाईच्या कानाला लावला आणि आरती ऐकवली. आधी कोकिळाबाईच्या कपाळाला आठी पडली. मग खांदे हलायला लागले. तिनं शेणाचा हात पदराला पुसला आणि ती भिंतीला टेकून हसत सुटली.

"मोत्याच तो! पाह्य ना, कसा पळून राह्यला! अन् हे बाई कापूर कापूर काऊन करते? पुन्हा लाव."

पुन्हा लावली. ऐकून झाल्यावर ती गंभीर झाली. "तो खोटं काऊन बोलला पण? माह्याशी?"

"तुम्ही धांदरट म्हणाल म्हणून."

"म्हणीनच. धांदरट आहे त काय हुशार म्हणू? मी एकडाव त्याले धांदरट म्हटलं असतं अन् गाणं पुन्हा म्हटलं असतं. आता दोनडाव म्हणीन." ती उठली. "सांजच्याले पोरी येतील. तवा घेजो गाणं."

दुपारी ज्योत्स्नाला मोह झाला. कोकिळाबाईची जुनी लय रेकॉर्डरमध्ये शाबूत होती. आवाज गेला होता, धाव आणि थबकणं तेवढं उरलं होतं. त्या लयीची टिकटिक हेडफोनमध्ये देऊन गाऊन घेतलं, तर ढोलकीची सगळी मेहनत वाचणार होती. तिनं मुलींच्या आधी एकदा करून पाहिलं. कोकिळाबाईनं दोन दागिने म्हटले आणि हेडफोन उतरवून मांडीवर आपटला.

"हे टिकटिक मले हाकलते. मी काय बैल आहो?"

"तुमचीच लय आहे, आत्याबाई. त्या दिवसाची."

"त्या दिवशी मले घाई होती. भाऊ बस स्टँडवर सोडाले थांबला होता. आज काऊन पळू?"

ज्योत्स्नानं टिकटिक बंद केली. मग मेनूत जाऊन लयीचा सगळा नकाशाच पुसला. मशीननं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. ठेवला असता तर पुन्हापुन्हा त्याच्यात गाणं कोंबावंसं वाटलं असतं.

संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन आल्या. कोकिळाबाई गायली, रमतगमत. नथीपाशी थबकलीच नाही. थबकली ती जोडव्यांपाशी, आणि तिथं सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. ज्योत्स्नानं ते हसू काढलं नाही. रेकॉर्डिंग झाल्याबरोबर तिनं त्याची दुसरी प्रत काढून ठेवली, मगच खिरापत तोंडात टाकली.

घरी येऊन तिनं तारा जोडल्या, पुन्हा पहिल्यापासून ठोके दाबले. बोटं दुखली. ढोलकी आधी टिपऱ्यांच्या पुढं जायची, मग मागं पडायला लागली, मग बसली. कीबोर्डाच्या स्टार्टवर तिनं कागद चिकटवला : 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' घरातल्या मोठ्यांसाठीच तो होता आणि ते सगळ्यांना कळलं.

मोतीलाल एकदा दारात येऊन उभे राहिले. "काय सांगतलं बाईले?"

"झालं ते."

"सगळं?"

"तुमची आरती ऐकवली."

"निकेशनं सांगतलं होतं ना तुले?"

"हो. पण मग गाणं आलं नसतं."

ते खाली गेले, आणि कोजागिरीपर्यंत सुनेशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी यशोदाबाईंना सांगायचे. ज्योत्स्नानं ते चालू दिलं. कोजागिरी झाल्यावर कॅसेटवाला आला, सगळी गाणी ऐकली, पहिलं दोनदा ऐकलं. बाहेर ओसरीत मोतीलाल पेपर उघडून बसले होते. त्याला वाटलं, कारभार यांचाच. म्हणून त्यानं त्यांनाच विचारलं, "कव्हरवर संगीत म्हणून कोणाचं नाव टाकायचं, काकाजी?"

ज्योत्स्ना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मोतीलालनी पेपर खाली केला नाही. "ते उभी आहे ना मांगं," ते म्हणाले, "तिलेच विचारा."