मोरूच्या नावावरचा टेम्पो

मित्रांनो, मला भंगारात पडलेला पाहून माझी कीव करू नका. मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. मी एका बाईचा जीव घेतला आहे, आणि ज्याने मला लेकरासारखे सांभाळले त्याचा हात चिरडला आहे.

हमरापूरच्या मोरूने मला १९८६ साली नवाकोरा घेतला. मोरूचा गणपतींचा कारखाना होता. मूर्तींना रंग कोणीही देई, पण डोळ्यांची आखणी मोरूच करी. त्याच हाताने त्याने माझ्या दारावर लिहिले, ‘मोरू, हमरापूर’. पेंढ्यावर गणपती बसवून मी वडखळवरून रोह्याला निघालो की माणसे वाट देत. तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात असे.

१९९४ साली मोरूने मोठी गाडी घेतली. देव वाहिलेली गाडी विकू नये, अशी त्याची श्रद्धा. म्हणून रोह्याकडच्या मेहुण्याला, जगनला, त्याने मला नारळ फोडून देऊन टाकले. मोरूची बायको इंदुबाई ही जगनची सख्खी बहीण, पण तीच आडवी आली.

“आधी गाडी त्याच्या नावावर करा, मंग नारल फोडा,” ती म्हणाली.

“बाप्पाच्या गाडीचा कागद करू? ते इकल्यासारखंच व्हईल गो,” मोरू म्हणाला.

जगनने ना कधी माझे ब्रेक पाहिले, ना विमा भरला. एका दुपारी रोह्याजवळ तो एका जीपशी शर्यत लावून मला पळवत होता. कडेने हौसा नावाची शेतकरीण वालाच्या शेंगांचा भारा घेऊन चालली होती. ब्रेक लागलेच नाहीत. मी तिला उडवले आणि माझे मागचे चाक तिच्या छातीवरून गेले. जगन शेतातून पळाला. लोकांनी दगडांनी माझ्या काचा फोडल्या, सीट फाडली. मला ते कमीच वाटले.

आरसी बुकात मालक मोरू. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला त्यालाच बोलावले. हौसाचा मुलगा जनू चार भावकीवाल्यांना घेऊन आला. हवालदार एकटा होता, त्याला त्यांनी बाजूला लोटले.

“दारावर नाव कोनाचं?” जनूने विचारले.

“माझंच हाय. पन गाडी मी देऊन टाकली व्हती.”

“मंग आमची आय पन दे.”

काठीच्या पहिल्याच फटक्याने मोरूचे डोके फुटले. मग त्यांनी त्याचा उजवा हात माझ्या चौकटीत धरला आणि माझे दार त्यावर आपटले. एकदा नाही, तीनदा. बोटांची हाडे मोडताना मला जाणवली. मित्रांनो, मला ते दार अडवता आले नाही.

जनू तुरुंगात गेला. जगनलाही शिक्षा झाली. पण हौसाच्या घरच्यांची भरपाई कोर्टाने मोरूवर टाकली, कारण कागदावर मालक तोच होता. कारखाना गेला, साचे गेले. गाडी आपल्या माणसाला द्या, खुशाल द्या, पण कागद करून मगच किल्ली द्या.

मला भंगारात काढायलाही मालकाची सही लागली. इंदुबाई मोरूला धरून घेऊन आली. त्याने वाकड्या बोटांत पेन धरून पाहिले, ते दोनदा खाली पडले. शेवटी इंदुबाईने त्याचा डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.