बरगडीवरचा दोरा

वैजयंतीने तापलेली तार किड्याच्या तोंडाजवळ नेली. सूक्ष्मदर्शकाखाली तो झटकन मागे सरला. तिने वहीत रेघ ओढली. सकाळपासूनची ही दोनशेवी रेघ, आणि मान तर केव्हाच मोडून आली होती.

हे सूत्रकृमी, धाग्यासारखे बारीक किडे, साधे नव्हते. माणसाच्या अंगात दुखणं थांबवणारं औषध ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, तोच त्यांच्या पेशींत घातलेला होता. औषध लागू पडलं तर किड्याला धग जाणवायची नाही, तो जागीच राहायचा. पण एकही थांबला नाही. एकेचाळिसावं रसायनही वाया गेलं. दोन वर्षं डोळे फोडून हाती भोपळाच आला होता, आणि उद्या बेचाळिसावं घ्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

ती पोखर्णीला घरी पोचली तेव्हा बाहेर थंडी पडायला लागली होती, आणि आप्पा ओसरीवर उघडेच बसले होते. दिवाळीत त्यांना नागीण झाली. फोड वाळले, पण बरगडीखालची आग काही जाईना. वैजयंती दवाखान्यातून गोळ्या आणून द्यायची. त्या आपल्या पोरीनेच किड्यांवरून शोधल्या, असं आप्पा गावभर सांगत. तसं नाही, हे चारदा समजावून ती थकली होती.

"सदरा कुठाय, आप्पा?"

"उकडायलंय. लय उतार हाय बाई तुझ्या गोळीनं."

तिला बरं वाटलं, आणि फुकटच्या श्रेयाची लाजही वाटली. मग तिचं लक्ष त्यांच्या दंडाकडे गेलं. इष्टलिंगाची चांदीची चौकट, लिंगायत माणूस अंगावरून कधी उतरवत नाही ती डबी, तिथे बांधलेली होती. लहानपणापासून तिने ती दोऱ्यात, खांद्यावरून बरगडीवर तिरपी आलेलीच पाहिली होती.

"हे इथं का बांधलंय तुमी?"

"असंच."

तिने गाठ सोडली, चौकट त्यांच्या तळहातावर ठेवली आणि दोरा नेहमीसारखा खांद्यावरून घ्यायला गेली. दोरा बरगडीला लागतो न लागतो तोच आप्पांचं अंग झटकन मागे सरलं. ही हालचाल ओळखायला तिला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता.

"हात गार हाय तुझा," आप्पा अंगणाकडे बघत म्हणाले.

वैजयंतीने चौकट पुन्हा दंडाला बांधली, गाठ नीट आवळली.

"तुझ्या किड्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"त्यांना बी उतार हाय, आप्पा."