तीन ठिपके

"हा पंप अँबेसिडरचा आहे," बॉनेटखाली वाकलेला चंद्रप्रकाश म्हणाला. "कार्बोरेटर फियाटचा. आणि डायनॅमो कुठून उचलला ते देवालाच ठाऊक. मॅडम, तुम्ही तर फोनवर म्हणालात सगळं ओरिजिनल आहे."

उत्तराने मेकॅनिककडे, धाकूकडे पाहिलं. धाकू हातातल्या फडक्याने हेडलाइटची आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला.

ही १९८६ सालची, अंधेरी पूर्वेतली गोष्ट. घर राजाध्यक्षांचं, दुमजली. मी खाली भाड्याने राहतो. रविवारची सकाळ होती आणि मी पडवीत पेपर घेऊन बसलो होतो. आत जावं की बसून राहावं हे मला ठरवता येईना, म्हणून बसून राहिलो.

श्यामसुंदर राजाध्यक्ष हे एके काळचे नाव असलेले सॉलिसिटर. मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन मॅनेजरकडून त्यांनी एकोणसाठ साली ही मर्सिडीज घेतली. काळी, लांबलचक, आत लाकडाची पट्टी आणि लाल चामड्याच्या बैठका. आता वरच्या गॅलरीत ते वेताच्या खुर्चीत बसून असत. दहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. पत्नी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मुलगी उत्तरा इंदूरला नोकरी करते. ती वडिलांना कायमचं घेऊन जायला आली होती आणि जाण्याआधी गाडीची व्यवस्था लावायची होती. जुन्या गाड्या शौकिनांना मिळवून देणारा चंद्रप्रकाश मुलुंडहून आला होता तो त्यासाठीच.

"असं कसं?" उत्तरा म्हणाली. "पंपावर ठिपके आहेत बघा. तीन. बाबांची खूण आहे ती."

त्या काळी गॅरेजवाले चांगला भाग काढून जुना बसवतात अशी सगळ्याच गाडीवाल्यांना धास्ती असे. गाडी आल्यावर राजाध्यक्षांनी हातोडी आणि खूण उठवायचा टोकदार पंच घेऊन प्रत्येक मोठ्या भागावर तीन तीन ठिपके ठोकले होते. आठ वर्षांची उत्तरा बॅटरीचा उजेड धरून उभी होती. हे तिनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"ठिपके काय, मी पण मारून देतो. एका पंचचं काम," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याने बॉनेट खाली सोडलं. "बॉडी झकास आहे, खोटं नाही बोलणार. पण माझ्या गिऱ्हाइकाला आतलं पाहिजे. ही आता लग्नाच्या वरातीला भाड्याने चालवणारा कोणीतरी घेईल, डिझेल इंजिन टाकून."

तो गेला. वरून राजाध्यक्षांचा आवाज आला, "काय गं, आवडली का त्यांना?"

"आवडली, बाबा. कळवतो म्हणाले."

मग ती धाकूजवळ गेली. आवाज इतका खाली आणला की मला अर्धं ऐकू आलं आणि अर्धं तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"खरे भाग कुठे विकलेत?"

"ताई..."

"त्यांना दिसत नाही म्हणून तुम्ही खोटे ठिपके ठोकलेत. ते बिचारे दर महिन्याला खाली येऊन हात फिरवायचे आणि वर जाऊन कोणाकडून तरी मला पत्रात लिहवून घ्यायचे, धाकूसारखा माणूस मिळणार नाही म्हणून. लहानपणी मी मामा म्हणायचे तुम्हाला."

धाकूने तोंड उघडलं, पण नजर गॅलरीकडे गेली आणि तोंड मिटलं.

"बाबांना यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली. "पण परत या घरात येऊ नका."

साकीनाक्याला पत्र्याच्या शेडमध्ये धाकू घाडीचं गॅरेज. माणूस देवगडकडचा, वडील गिरणीत होते. ही गाडी त्याच्या हातात आली तेव्हा तो तिशीचाही नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यायचा, बॉनेट उघडायचा आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा. डॉक्टर छाती तपासतो तसा डोळे मिटून उभा राहायचा. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण एखादं काम इतकं लक्ष देऊन करणारी फार माणसं मी पाहिलेली नाहीत.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास फाटक वाजलं. धाकू. डोक्यावर पंच्याची चुंबळ आणि तिच्यावर पत्र्याची ट्रंक. ती त्याने माझ्या पडवीत उतरवली.

"उत्तराताई हत काय?"

"सांताक्रूझला बँकेत गेल्यात. येतील तासाभरात."

"मग थांबतंय. बसू हयसर?" पायरीवर बसून तो पाणी प्यायला. "कंडक्टर चढूक देय नाय. म्हणता, ह्या काय लगेज? लोखंड घेवन कोण बसमधून जाता? दोन बस सोडल्यो."

 ट्रंकेत काय आहे ते मी विचारणार नव्हतो, तो स्वभाव नाही माझा. त्यानेच झाकण उघडलं. आत वर्तमानपत्रात बांधलेली पुडकी होती, एकाला एक खेटून, सुतळीने आवळलेली. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. त्याने एक सोडलं. तडकलेला पेट्रोल पंप निघाला. त्याच्या कडेला तीन ठिपके होते, वर्षानुवर्षांच्या पुसण्याने गुळगुळीत झालेले.

"मियां काय इकलंय नाय," तो म्हणाला. "सगळा हा. ह्यो शहात्तरचो. डायनॅमो ऐंशीचो. बघा, तारीख घातलेली आसा."

मी पुडकी पाहिली. तारखा होत्या. ज्या कागदात भाग बांधले होते त्या पेपरांच्याही तारखा जुळत होत्या. मी त्या वाचल्या, हे इथे लिहून ठेवतो.

"मग तेव्हाच का नाही दिलेत?"

हा प्रश्न त्याला लागला असावा. गॅरेजच्या धंद्यात एक रीत असते, ती त्याने मला सांगितली. भाग बदलला की जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा. मालकाने तो फेकू दे, विकू दे, पण आधी त्याच्या हातात. त्याच्या उस्तादाने, सहदेवने, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ज्याने जुना पार्ट खिशात घातला, त्याने नवा पार्ट चोरला असं समजायचं.

"माका काय सुचला नाय तेव्हा," धाकू म्हणाला. "बाईसाहेब गेलेल्या. साहेबांचे डोळे गेलेले. आणि त्याच टायमाक पंप फुटलो. अख्ख्या मुंबयत फिरलंय. नाय मिळालो. साहेब आधीच बोललेले, धाकू, हिच्यात एक जरी परका पार्ट आला तर ती माझी गाडी नाही, सरळ फुंकून टाक. आता त्या माणसाकडे होता काय? दिसणा नाय, बायको नाय, मुलगी लांब. रविवारी तो खाली येवन गाडीवर हात फिरवायचो, तेवढोच. म्हटला, एक पंप. कोणाक कळतला?" त्याने पंप परत गुंडाळायला घेतला. "पण साहेब हात फिरवन ठिपके शोधतले. बोटांनी बघायचे ना. म्हणून ठिपके मारलंय."

"आणि मग दुसरा भाग."

"मग दुसरो. एकदा खोटा बोललंय, मग थांबूक जागाच ऱ्हवली नाय." त्याने सुतळीला गाठ मारली. "आता ताईंका दाखवतंय. चोर नाय, इतक्या कळला म्हणजे बस. मग जातंय."

एवढंच हवं होतं त्याला. मी म्हणालो की उत्तरा समजूतदार आहे, ऐकून घेईल. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

"धाकू आलाय का खाली?" वरून राजाध्यक्षांनी हाक मारली. त्यांचे कान फार तिखट झाले होते. "अरे, तुझा खोकला ओळखला मी. किती वर्षांचा आहे तो."

धाकू चटकन उठून उभा राहिला. "होय साहेब."

"गाडी जायची आहे म्हणे. जाण्याआधी एकदा चालू कर ना. इथून ऐकतो."

धाकूने माझ्याकडे पाहिलं आणि गाडीशी गेला. बॉनेट उघडून काहीतरी केलं, चोक ओढला, सेल्फ मारला. दोनदा नुसतंच खरखरलं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि आवारभर तो खोल, सलग आवाज पसरला. धाकू वाकून एक स्क्रू केसभर फिरवत होता, कान लावत होता, परत फिरवत होता. हा आवाज तो दहा वर्षं परक्या भागांतून घडवत आला होता, हे मला त्या क्षणी कळलं.

गॅलरीत राजाध्यक्ष कठड्याला हात लावून उभे राहिले होते. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"बस," ते म्हणाले. इंजिन थांबलं. "सगळं गेलं रे एकेक करून. डोळे गेले, ती गेली, आता हे घर. पण ही आली तशी चालली. तिच्यात एक स्क्रू परका नाही. तुझ्यामुळे."

धाकूने खाली मान घातली. "गाडीच तशी हा साहेब," तो म्हणाला.

तो पडवीत परत आला. ट्रंकेचं झाकण त्याने लावलं आणि कडी घातली.

"थांबत नाही?" मी विचारलं.

"नको. ह्या घरात ह्या ठेवलंय तर कधीतरी साहेबांच्या हाताक लागतला. एक ठिपको लागलो तरी त्यांका सगळा कळतला." तो क्षणभर थांबला. "ताईंका काय वाटायचा ता वाटू दे."

मी ट्रंक उचलायला हात दिला. चुंबळीवर ती नीट बसवून तो फाटकाकडे निघाला. फाटक उघडलं ते बाहेरून. उत्तरा होती.

ती आधी ट्रंकेकडे पाहत राहिली.

"काय नेताय?"

फाटक गॅलरीच्या अगदी खाली आहे. धाकूने वर पाहिलं.

"ताई, जरा भायर चला. सांगतंय."

"मला काही ऐकायचं नाही. खाली ठेवा."

त्याने ट्रंक खाली ठेवली. आत लोखंडावर लोखंड आपटलं.

"कसला आवाज?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"हत्यारं साहेब," धाकू म्हणाला. "माझी हत्यारं. रवलेली हय, तुमच्या गाडीच्या गॅरेजात, ती नेतंय."

उत्तरा वाकली. तिने कडी काढली, वरचं पुडकं उचललं आणि कागद फाडला. पंप निघाला. तिचं बोट त्या ठिपक्यांवर गेलं, तिच्या वडिलांचं जात असे तसंच. ज्या दिवशी ते ठोकले गेले त्या दिवशी बॅटरी तिनेच धरली होती.

"म्हणजे इथेच लपवले होते," ती कुजबुजली. "आज मी घरात नाही हे बघून न्यायला आलात."

फाटलेला कागद तिच्या पायाशी पडला होता. त्याच्यावर तारीख होती. ती मला इथून दिसत नव्हती, पण मी ती वाचलेली होती. मी पडवीच्या खांबाला धरून उभा राहिलो. बोलायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ट्रंक नऊ वाजता आली, माझ्या देखत आली. एवढंच वाक्य. धाकूने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून. वर गॅलरीत साहेब उभे होते.

"उत्तरा, धाकूला चहा दे गं," वरून आवाज आला. "आज शेवटचा आलाय तो."

"देते, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज अगदी साधा होता. मग धाकूला, फक्त ओठांनी, "हे इथेच राहू दे. आणि जा."

त्या वेळी मी गप्प राहिलो ते त्याच्या सांगण्यावरून. पण ती मंडळी इंदूरला जाईपर्यंत त्यानंतर तीन आठवडे होते, आणि त्या तीन आठवड्यांत मला कोणी अडवलं नव्हतं. मी दोनदा जिना चढलो. एकदा चिठ्ठी लिहिली, चांगली चार ओळींची, आणि भाषा बरोबर वाटेना म्हणून परत लिहायला घेतली. निघायच्या दिवशी उत्तरा किल्ल्या द्यायला आली तेव्हा राजाध्यक्ष रिक्षात बसलेले होते आणि तिला घाई होती. ट्रंक अजून जिन्याखाली आहे. गाडी कोणीतरी नेली.

धाकू त्या दिवशी लगेच वळला. निघताना त्याने पायाने ट्रंक हळूच आत सरकवली, फाटकाच्या आत, जिन्याच्या बाजूला, कुणाच्या वाटेत येऊ नये अशी. जुने भाग मालकाच्या घरी पोचले होते. मग तो रस्त्याला लागला. मी खांबाजवळून पाहत होतो. पार कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत तो मान ताठ धरून, जपून पावलं टाकत गेला. रिकामी चुंबळ त्याच्या डोक्यावर तशीच होती.