बमरोलीतला कॅसेटचा व्हिडिओ गेम

मित्रांनो, टीव्हीला वायर जोडायची, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची आणि मग खेळायचं, असा व्हिडिओ गेम तुम्ही कदाचित पाहिलाही नसेल. घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांचे डोळे चमकतील. त्याच जातीतला मी एक. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे. माझी गोष्ट ऐकायला गमतीची वाटेल अशी सुरू होते. शेवटपर्यंत मात्र ती तशी राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. गरम प्लास्टिकचा वास, कथिलाचे चटके आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच आठवतं. खोकं उघडलं ते थेट सुरतेत, बमरोलीच्या एका खोलीत. मला आणणारे मगनभाऊ खानदेशातून आलेले, माग चालवणारे. दिवाळीला त्यांनी मुलासाठी, कुंदनसाठी, मला घेतलं होतं. त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं दारात जमली. सर्वांत पुढं होता शेजारचा धर्मेंद्र. पहिल्याच दिवशी त्यानं नदीवरचा पूल ओलांडायचा खेळ असा काही खेळून दाखवला, की कुंदनची आई धुरपदाबाई हातातली पोळी तव्यावर विसरली.

किती वर्षं मी त्या पोरांचा जीव की प्राण होतो! कॅसेट अडकली की धर्मेंद्र तिच्या दातांवर फुंकर मारायचा, आणि मी चालू व्हायचो. पुढं पोरं मोठी झाली, हातात मोबाइल आले. मगनभाऊ त्याच खोलीत वारले. मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं गेलं. तिथं झुरळांनी माझ्या पोटात घर केलं.

मला पुन्हा खाली आणलं ते कुंदननंच. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या गेमवाल्यांच्या फोनवरच्या एका गटात त्याची सुषमाशी ओळख झाली होती. सुषमा सुरतेतच कतारगामला राहायची, दवाखान्यात नर्स होती. आईवडील जालन्याकडचे. तिच्याकडे भावाच्या कॅसेटींनी भरलेलं एक मोठं खोकं होतं, पण त्या लावायला गेमच नव्हता. कुंदनकडे मी होतो, पण कॅसेटी कधीच हरवल्या होत्या. आणि धर्मेंद्र? तो आता पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये होता, लग्न झालेलं होतं. "गेम सापडला" एवढं ऐकल्याबरोबर तो हात पुसत धावत आला.

दर रविवारी दुपारी ते तिघं जमू लागले. खोक्यातली एकेक कॅसेट काढायची, खेळायची, तिच्यात काय दडलंय ते शोधायचं. वरच्या कागदावर लाखभर खेळ लिहिलेले असायचे आणि आत तेच पाच-सात खेळ नावं बदलून यायचे. मग तिघं पोट धरून हसायचे. एखादीत मात्र कुणी न पाहिलेला खेळ निघायचा. एका बिनचित्राच्या काळ्या कॅसेटीत समुद्राखालचं शहर होतं. आत शिरावं तसं ते वाढतच जायचं. धर्मेंद्रला त्याचं वेड लागलं. "याचा शेवट बघितल्याशिवाय मी मरत नाही," असं तो म्हणाला. धुरपदाबाई त्याला ओरडली, "रविवारना दिन असं वंगाळ बोलू नको, पोऱ्या."

आमची इमारत जुनी होती. तळाला माग, त्यावर दोन मजले भाड्याच्या खोल्यांचे. आम्ही सगळ्यांत वर. मालक छगनभाईंनी त्या वर्षी मधल्या मजल्यावरची बिऱ्हाडं हलवली आणि तिथं एम्ब्रॉयडरीची लांबच लांब मशिनं आणली. ती मावेनात, म्हणून मधली भिंत पाडली. भिंत पडली त्या दिवशी माझ्या अंगातून एक बारीक कळ गेली. ती कसली होती, ते मला तेव्हा समजलं नाही.

त्यानंतर मी अडखळू लागलो. खेळ रंगात आला की पडद्यावर रेघा यायच्या, चित्र थरथरायचं आणि जागीच गोठायचं. धर्मेंद्रनं फुंकर मारली. कुंदननं मला उघडलं, झुरळांची घाण काढली, कॅसेटीची खाच बदलली, अडॅप्टर नवा लावला. सुषमानं सगळ्या कॅसेटी स्पिरिटनं पुसल्या. काही उपयोग झाला नाही. मी सारखा गोठत होतो आणि तिघांना वाटत होतं की म्हातारा झालो मी.

मग एका रविवारी सुषमानं मला आपल्या घरी नेलं. कतारगामच्या त्या खोलीत मी दुपारभर चाललो. एकदाही थांबलो नाही. समुद्राखालचं शहर आणखी दोन दारं पुढं उघडलं. धर्मेंद्रनं टाळ्या वाजवल्या. कुंदन मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

"काय विचार करायलास?" सुषमानं विचारलं.

"गेममध्ये खराबी नाही," कुंदन म्हणाला. "खराबी आमच्या घरात आहे."

दुसऱ्या दिवशी तो छगनभाईंकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. छगनभाई हसले होते म्हणे, मशीन हलणारच, एका गेमपायी धंदा कोण बंद करतो, अशा सुरात. "अरे भाई, मशीन छे, हले तो खरुं ज ने! तारा गेम माटे हुं धंधो बंध करुं?" कुंदननं त्यांना जिन्याजवळ भिंतीला नव्यानं पडलेली भेग दाखवली. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून ती सिमेंटनं बुजवली, वर चुना फासला.

भेग बुजली, पण खोलीचं दार लागेना. खाली घासू लागलं. धुरपदाबाईनं सुतार बोलावून ते तासून घेतलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा घासू लागलं. ताटाळ्यातली भांडी आपोआप किणकिणायची. लग्नसराईची कामं होती, त्यामुळं मशिनं रविवारीही धडधडत होती. आपल्या पायाखाली काहीतरी जागचं सुटत चाललं आहे, हे मला कळत होतं. पण मला कुठं तोंड आहे? मला फक्त टीव्हीचा उसना पडदा आहे. तो थरथरला की लोक माझ्या डोक्यावर थापट मारतात.

आणि मग तो रविवार आला. बाहेर कडक ऊन होतं. धुरपदाबाई चटईवर पडली होती. शेजारची शोभा गॅलरीत दोन्ही मुलींची डोकी विंचरत बसली होती. काळी कॅसेट माझ्यात होती आणि धर्मेंद्र शहराच्या अगदी तळाशी पोचला होता. जेवणाच्या सुट्टीसाठी खालची मशिनं थांबली. धडधड गेली. किती शांत वाटलं!

"आता मस्त चालेल," धर्मेंद्र म्हणाला.

त्याच वेळी पडद्यावर रेघ आली. चित्र थरथरलं आणि गोठलं.

मग सुषमा हळूच म्हणाली, "मशिनं तर बंद आहेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताटाळ्यातलं एक वाटीचं झाकण किणकिणत होतं. छतातून वाळूची बारीक धार माझ्या पाठीवर पडली. कुंदन उठला तो थेट आईपाशी गेला.

"आई, ऊठ. खाली चाल. आत्ताच्या आत्ता."

"काय व्हयनं? मी कोठेच नही जावाव. तुना बाप याच घरमा गया."

कुंदननं तिला सरळ उचललं. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. सुषमानं गॅलरीतून शोभाच्या मुली काखोटीला मारल्या, शोभा अर्ध्या वेणीची फणी हातात घेऊन मागोमाग धावली. धर्मेंद्र जिन्यावरून ओरडत उतरला, "निकलो रे! सब बाहर! बिल्डिंग हिल रही है!" मधल्या मजल्यावर कारागीर डबे उघडून बसले होते. काही उठले, काही हसले. धर्मेंद्रनं एकाचा डबाच उचलून जिन्यात फेकला. तेव्हा सगळे शिव्या देत बाहेर पळाले.

मी वर एकटाच उरलो. पडद्यावर गोठलेलं ते शहर आणि मी. उघड्या खिडकीतून गल्लीतला आवाज येत होता. छगनभाई चिडून विचारत होते की हा काय तमाशा मांडलाय. इमारत तर उभी होती. ऊन तसंच होतं. थोड्या वेळानं लोक हसू लागले. कारागिरांपैकी कुणीतरी आपल्या डब्याचं काय ते विचारत होता.

आणि मग मला धर्मेंद्रचा आवाज ऐकू आला. "गेम वरच राहिला रे. घेऊन येतो."

"राहू दे," कुंदन म्हणाला. "मरू दे तो गेम."

"अरे, हा गेलो आणि हा आलो."

मित्रांनो, त्याची पावलं जिन्यावर वाजली ना, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं. तो दारात आला. घासणारं दार त्यानं खांद्यानं ढकललं. त्यानं मला बंद केलं, वायर गुंडाळली, काळी कॅसेट माझ्यातच राहू दिली. मला पाठीवरच्या थैलीत घालता घालता तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. घाबरलेला नव्हता. जिन्याच्या वळणापर्यंत आम्ही पोचलो.

पुढचं मी सांगत नाही. आवाज झाला आणि खूप वेळ अंधार होता. संध्याकाळी लोकांनी सिमेंटचे तुकडे बाजूला केले, तेव्हा तो पालथा होता. पाठीवरची थैली त्यानं पोटाशी ओढून घेतली होती. माझ्या एका कोपऱ्याचा तेवढा टवका उडाला. बाकी मला काहीसुद्धा झालं नाही.

इमारतीतली इतर सगळी माणसं वाचली. छगनभाईंना पोलिसांनी नेलं. कुंदन आणि धुरपदाबाई आता पांडेसऱ्याला भाड्यानं राहतात. बरेच दिवस मी कुठं होतो, ते मला ठाऊक नाही. एका दुपारी थैलीचं तोंड उघडलं, तेव्हा समोर धर्मेंद्रची बायको उज्ज्वला होती. कुंदनच्या नव्या खोलीत ती येऊन बसली होती. सुषमाही तिथं होती.

"हे त्यांच्याजवळ होतं," उज्ज्वला म्हणाली. "चालतं का अजून?"

कुंदननं मला उलटसुलट करून पाहिलं. सुषमानं हळूच मान हलवली.

"मग लावा. ते ज्याच्यासाठी वर गेले, ते मला बघायचंय."

वायर सुषमानंच जोडली. मी चालू झालो. कसलीही रेघ आली नाही, काही अडखळलं नाही. निळं पाणी, त्यात तो छोटा पाणबुड्या, एकामागून एक दारं. कुंदन खेळत होता आणि उज्ज्वला एकटक पाहत होती. दिवेलागणीला पाणबुड्या शेवटच्या दारापाशी पोचला. दार उघडलं. पडदा काळा झाला, आणि मग पुन्हा पहिलं चित्र आलं, जणू काही झालंच नव्हतं.

"इतलंच?" उज्ज्वला म्हणाली.

मग उठली, पदर सारखा केला आणि धुरपदाबाईच्या पाया पडून निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एकच विनवणी करतात. आम्हाला जपा, फेकू नका, आमच्यावरची धूळ झटका. मीही पूर्वी तेच म्हणालो असतो. आज मात्र हात जोडता आले असते तर जोडून वेगळंच सांगितलं असतं. भिंत फाटली तर चुना फासून गप्प बसू नका. आणि एकदा बाहेर पडलात की आमच्यासाठी परत जिना चढू नका. मी मागे राहिलो असतो, तर फक्त एक व्हिडिओ गेम मोडला असता.