चौथा पाय

सोमेशनं चौथा पाय पुन्हा लाकूड कातायच्या खरादावर चढवला. बाकीचे तीन पॉलिश होऊन भिंतीला टेकून उभे होते, फोटोसाठी थांबलेल्या करवल्यांसारखे सरळ. चौथाही तसाच सरळ उतरला होता. म्हणूनच तो पुन्हा चढवावा लागला.

पाय पियानोचे होते आणि पियानो दयानंदचा होता. दयानंद म्हणजे सोमेशचा थोरला साडू, ऋतुजाच्या मोठ्या बहिणीचा नवरा. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. त्यानं हैदराबादहून विजेवरचा जुना पियानो मागवला, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी उतरवताना तो आपटला. ही बातमी सासूबाईंनी, म्हणजे नीलाबाईंनी, नांदेडला फोन करून दिली होती.

"सोमेशराव, दयानंदरावांचे पाय मोडले हो. चारी."

खोटं कशाला बोला, क्षणभर सोमेशला बरं वाटलं होतं. 'चारी' हा शब्द डोक्यात जरा उशिरा शिरला.

सोमेशचं दुखणं जुनं होतं. मागच्या धोंड्याच्या महिन्यात नीलाबाईंनी दोन्ही जावयांचे पाय धुतले. आधी दयानंदचे, कोमट पाण्यानं, गुलाबाच्या पाकळ्या टाकून. मग सोमेशचे. त्याच परातीत, त्याच पाण्यात. तोवर पाणी गार झालं होतं, आणि एक पाकळी अंगठ्याला चिकटून पार नांदेडपर्यंत आली होती. धोंड्याचा महिना तिसऱ्या वर्षी येतो. एवढा वेळ माणसाला विचार करायला पुरतो.

ऋतुजा चहा घेऊन दुकानात आली.

"झाले का दाजींचे पाय?"

"होत आलेत."

"नीट करा बरं. दाजी वाजवायला शिकून राहिलेत. ह्या वयात! तुम्हाला हाय का कशाची हौस?"

सोमेशनं पटाशी पायावर टेकवली. त्याला फक्त नाण्याच्या जाडीइतकं उतरवायचं होतं. पियानो जन्मभर किंचित डुगडुगला पाहिजे, एवढंच. पण ते पाणी आठवलं की हात जरा जास्तच दाबला जायचा. खराद थांबला तेव्हा चौथा पाय चांगला करंगळीच्या जाडीइतका आखूड झाला होता.

त्याला पॉलिश मात्र सगळ्यात छान बसलं.

पाय लातूरला गेले. आठवड्याभरात दयानंदचा फोन आला.

"सोमेशराव, पियानो हलतोय."

सोमेशनं घसा साफ केला. "कसा काय?"

"चारी दिशांना फिरवून बघितला. सगळीकडं सारखाच हलतो. याचा अर्थ कळला का तुम्हाला?"

"काय?"

"आमचा हॉलच वाकडा हाय. आख्खा! तुमच्या हातचं काम चुकणार न्हाई. मी फरशी उकरायला सांगितली."

सोमेश 'अहो' म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. रात्रीच्या जेवणात ऋतुजानं त्याला ताईकडच्या नव्या फरशीचे फोटो दाखवले. पांढरी, आरशासारखी, वर बारीक सोनेरी रेघा.

"बघा दाजी! मनात आलं की करतात. आपली फरशी बघा."

सोमेशनं आपली फरशी बघितली. एवढा राग त्याला त्या पाण्याचाही आला नव्हता. दयानंदच्या घरात त्यानं स्वतःच्या हातानं सोन्याच्या रेघा ओढल्या होत्या.

गुडघ्याच्या दुखण्यामुळं नीलाबाई शिरूर अनंतपाळहून थोरल्या लेकीकडंच राहायला आल्या होत्या. त्यामुळं यंदाचं धोंड्याचं जेवण लातूरला ठरलं. सोमेश आणि ऋतुजा पोचले तेव्हा सगळं घर हॉलमध्ये गोळा झालं होतं आणि दयानंद जमिनीवर पालथा पडून फरशीवर ठेवलेल्या गवंड्याच्या पाणसळीत बघत होता.

"बुडबुडा बरोबर मधी हाय," तो म्हणाला. "फरशी एकदम लेव्हल."

त्यानं उठून पियानोच्या कोपऱ्यावर हात टेकवला. पियानो खाडकन एका अंगाला कलला.

"तरीबी हलतो."

"जुनी चीज हाय, तीच वाकडी असंल," नीलाबाई म्हणाल्या. "पायाला बोल नका लावू. आमच्या सोमेशरावांनी केलेत."

"पायाला कोण बोल लावतंय मामी?" दयानंदनं सासूकडं बघत खिशातून टेप काढला. "नुसते मोजून बघतो. पाय बाद झाले की मग पियानोच्या पेटीकडं वळता येतं. शास्त्रात असंच करतात."

सोमेश चटकन पियानोजवळ जाऊन खाली बसला, भिंतीला टेकून, अगदी चौथ्या पायाशी. चारचौघांत पाय मोजलेले बघण्यापेक्षा मरण पत्करलं, असा त्याचा चेहरा होता; पण सगळे पियानोकडं बघत असल्यानं कुणाला दिसला नाही.

"साडूभाऊ, आधी वाजवून तर दाखवा," तो म्हणाला. "मोजायचं काय, कधीबी मोजता येतंय."

आणि दयानंदचा धक्का लागून पियानो वर कलल्याबरोबर सोमेशनं आपला डावा पाय चौथ्या पायाखालच्या फटीत सरकवला. पायाची करंगळी बरोबर बसली.

दयानंद खुर्चीवर बसला आणि एका बोटानं एक आरती वाजवू लागला. प्रत्येक सुराआधी तो योग्य पट्टी शोधायचा, त्यामुळं आरती बरीच लांबली. पियानो जागचा हलला नाही.

"अगं बया," ऋतुजाची ताई म्हणाली. "थांबला की हलायचा!"

"नुसते जवळ जाऊन बसले तर थांबला," नीलाबाई म्हणाल्या. त्यांनी सोमेशकडं असं बघितलं, जसं तो तीन वर्षं स्वप्नात बघत आला होता. "ह्या माणसाच्या हातालाच गुण हाय. पाण्याची परात आणा गं. आज आधी सोमेशरावांचे पाय धुते."

दयानंदचं बोट एका पट्टीवर तसंच राहिलं. तो एकच सूर हॉलभर लांबत गेला.

परात आली. पाण्यातून वाफ निघत होती आणि वर गुलाबाच्या ताज्या पाकळ्या तरंगत होत्या. नीलाबाई गुडघा सांभाळत, एका हातानं भिंत धरत, कशाबशा त्याच्यापुढं बसल्या.

"आणा पाय."

सोमेशनं उजवा पुढं केला.

"दुसरा?"

सोमेशनं पाण्याकडं बघितलं. मग वर, पियानोकडं. साडूच्या पायाशी टेप पडलेला होता.

"मामी," तो म्हणाला. आवाज करंगळीतून आल्यासारखा बारीक होता. "आधी साडूभाऊंचे धुवा."

"का हो?"

"थोरले हायेत. मान त्यांचा."

नीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दयानंद खुर्चीवरून उठला आणि त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून पियानोवर हात टेकून पुन्हा बसला. त्याबरोबर पियानोचा सगळा भार करंगळीवर आला.

"बघा," नीलाबाई लेकींना म्हणाल्या. "मोठं मन म्हणतात ते हे."

ऋतुजा नवऱ्याकडं बघत होती. त्याच्या मनाचं माप तिला बऱ्यापैकी ठाऊक होतं. परातीजवळची पाकळ्यांची ताटली उचलायला म्हणून ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिनं चौथा पाय बघितला. त्याखाली दुसरा पाय बघितला. मग सोमेशच्या कपाळावरचा घाम बघितला.

ती सावकाश सरळ उभी राहिली. ओठ आत ओढून धरलेले होते.

"आई," ती म्हणाली, "धू तू दाजींचेच. ह्यांचा काही इथून पाय निघंना."

"अगं, मग राहा की चार दिस!" नीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी परात दयानंदकडं सरकवली.

दयानंदनं डोळे पुसले आणि आरती पहिल्यापासून सुरू केली.